धातूचें सोंग

मराठी भाषेनें नकली धातूला कधींच मान दिलेला नाहीं. 'बेगडी' हा एकच शब्द पाहावा. बेगड म्हणजे मूळचा बिचारा एक पातळ, चकचकीत, रंगीत पत्रा. मखराला, बाशिंगाला, ताबुताला चिकटावें, चार दिवस सणाची शोभा वाढवावी आणि मग उकिरड्याची वाट धरावी, एवढेंच त्याचें आयुष्य. त्यानें कोणास फसविल्याचें ऐकिवांत नाहीं. मखर सोन्याचें आहे अशी समजूत करून घेऊन तें कोणी चोरून नेलेलें नाहीं. असें असतां त्याच्यावरून जें विशेषण निघालें तें एखाद्या गृहस्थास लावलें तर त्याची अब्रू जाते. मुलाम्याची गोष्ट तीच. कथलानें सोनूबाईच्या हातांतील वाळा होण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं, तरी म्हणींत तें कायमचें बदनाम होऊन बसलें आहे. फार काय, पितळ हा चांगला खराखुरा, घरोघर वापरांतला धातु. पण तेंहि कधीं काळीं सोन्याच्या पापुद्र्याखालीं लपलें असावें एवढ्यावरून 'पितळ उघडें पडणें' हा वाक्प्रचार त्याच्या माथीं बसला.

लाकडाच्या बाबतींत मात्र आपली भाषा इतकी कडक नाहीं. पत्र्याच्या ट्रंकेवर तपकिरी रेघा ओढून तिला शिसवी पेटीचें रूप दिलें तर त्या ट्रंकेला देण्यासाठीं आपल्याजवळ शिवी नाहीं. सनमायका म्हणून जो तक्ता मिळतो तो तर लाकडाच्या छापील चित्राचा कागद. राळेंत भिजविलेल्या कागदांच्या थरांवर ठेवून उष्णतेनें आणि दाबानें घट्ट केलेला. त्या चित्रावर आपण जेवतों, लिहितों, मुलांकडून बाराखडी गिरवून घेतों, आणि तो बेगडी आहे असा विचारहि कोणाच्या मनाला शिवत नाहीं. म्हणजे धातूनें लाकडाचें सोंग घेतलें तर ती सोय, आणि लाकडानें धातूचें घेतलें तर ती लबाडी! हा पक्षपात कां असावा याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर अलीकडे आला, आणि तो आला एका कपाटामुळें.

कपाटाकडे वळण्यापूर्वीं गांवाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण धातु म्हणजे काय चीज आहे हें उरणांत राहणाऱ्या माणसाला जसें कळतें तसें पुण्याच्या माणसाला कळावयाचें नाहीं. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाड्या, आणि मधल्या सखल जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं मिठागरें. त्यांतलीं पुष्कळशीं आतां भरावाखालीं गेलीं, पण वाऱ्यांतलें मीठ कांहीं गेलें नाहीं. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें. त्या ओलीचा एक न दिसणारा पापुद्रा प्रत्येक वस्तूवर बसलेला असतो, आणि खारट पाण्यांत गंजाचें काम साध्या पाण्यापेक्षां कितीतरी झपाट्यानें चालतें. आमच्याकडे खिडकीचे गज फुगतात, फुगून चौकटीच्या बाहेर येतात, आणि बोट लावलें कीं त्यांचे पोपडे हातांत राहतात. सायकल तीन पावसाळे काढील तर ती गुणाची. कुलपाला तेल घालावयाचें विसरलें तर किल्ली आंतच राहते आणि कुलूप उघडण्यासाठीं नव्हे, फोडण्यासाठीं माणूस बोलवावा लागतो. पितळेची तऱ्हा आणखी निराळी: तिच्यांतलें जस्त हळूहळू सुटून जातें, आणि मागें राहिलेल्या तांब्याचे लालसर डाग पिवळ्या अंगावर चट्ट्यांसारखे उमटतात. तांब्याच्या बंबावर हिरवें-निळें बुरसट पीठ धरतें, तें वेगळेंच. चिंच, मीठ आणि रांगोळी यांनीं हा हिरवेपणा घासून काढण्यांत उरणच्या बायकांच्या किती सकाळीं गेल्या असतील, याचा हिशेब ब्रह्मदेवाला ठाऊक.

अशा गांवांत लाकडाला मान असावा यांत नवल नाहीं. सागवानाच्या अंगांत तेल असतें; त्याला खारी हवा बाधत नाहीं, आणि म्हणूनच गलबतें बांधणारांनीं त्याला जवळ केलें. आमच्या घरीं सागवानाचें एक कपाट आहे. एकोणिसाव्या शतकांत उरणच्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या प्रसिद्ध होत्या. मुंबईची तहान त्या भागवीत, आणि त्यांचे धनी बहुतेक पारशी होते. त्यांच्यापैकीं कोणा एकाचें बिऱ्हाड मोडलें तेव्हां आमच्या आजोबांनीं लिलावांत हें कपाट घेतलें, असें घरांत सांगत आले आहेत. दारूच्या पैशाचें लाकूड घरांत आणलें म्हणून आजी आठ दिवस त्यांच्याशीं बोलली नव्हती म्हणे. नवव्या दिवशीं तिनें त्यांत आपलीं लुगडीं ठेविलीं. माणसाच्या उंचीचें, दोन दारांचें, माथ्यावर साधी महिरप असलेलें हें कपाट. त्याच्या दारांवरील लाकडाच्या शिरा एकमेकींकडे अशा वळलेल्या आहेत कीं दोन्ही फळ्या एकाच ओंडक्याच्या असाव्यात. चपड्याचें पॉलिश मात्र काळें पडलें होतें. खालच्या बाजूस, जेथें आमच्या पिढीनें लाथा मारल्या आणि पुढच्या पिढीनें तीनचाकी गाड्या आपटल्या, तेथें तें पार उडालें होतें.

आमच्या पुतण्यानें उलव्यास नवें घर घेतलें आहे. उरणपर्यंत आगगाडी १२ जानेवारी २०२४ पासून येऊं लागली, आणि तेव्हांपासून पूर्वीं सणावारीं येणारा हा मुलगा रविवारींहि येऊं लागला. अशाच एका रविवारीं त्यानें कपाटाभोंवतीं दोन प्रदक्षिणा घातल्या, माथ्यावरून हात फिरविला आणि म्हणाला, "काका, हें मला द्याल का? मी त्याला कॉपर फिनिश करून घेतों."

आम्हांला प्रथम वाटलें, पत्रा मारणार. तसें नव्हे. रंगच लावावयाचा, पण असा कीं पाहणाराला सबंध कपाट तांब्याचें ओतीव वाटावें. आणि तेंहि नव्या तांब्याचें नव्हे. त्यानें फोनवर चित्रें दाखविलीं. विलायतेंतल्या कोणाच्या दिवाणखान्यांत एक कपाट उभें होतें. कोपऱ्याकोपऱ्यांतून हिरवें-निळें बुरसट ओघळलेलें, कडांना काळपट छटा, जणूं शंभर वर्षें समुद्राच्या तळाशीं पडून कालच वर काढलेलें. असें रूप आणण्यासाठीं बाटल्या मिळतात, असें तो म्हणाला. एका बाटलींत तांब्याची पूड घातलेला रंग, दुसरींत क्षारांचें पाणी. पहिल्यावर दुसरें फवारलें कीं रात्रींतून हिरवा कळंक चढतो. लोखंडाच्या पुडीचाहि रंग मिळतो, आणि त्यावर फवारण्यासाठीं गंजाचें पाणी.

आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभें राहून हें सारें ऐकत होतें. "कळंक? विकत?" एवढेच दोन शब्द तिनें उच्चारले. मग आंत गेली आणि कोनाड्यांतली घासून ठेवलेली तांब्याची कळशी आणून तिनें पुतण्यापुढें ठेविली. "ही घेऊन जा. महिनाभर घासूं नकोस. पैसे पडणार नाहींत."

विनोद सोडून दिला तरी प्रश्न राहतोच. आम्हीं पुतण्याला नकार दिला आणि त्या नकारावर आम्ही आजहि कायम आहों. पण तो कोणत्या कारणासाठीं हें स्पष्ट केलें पाहिजे. 'खोटें तें वाईट' असें एक ढोबळ सूत्र पुढें करून मोकळें होतां येण्यासारखें होतें. परंतु तें सूत्र घरांत लावूं लागलों तर प्रथम गणपतीच्या मुकुटापासून आरंभ करावा लागेल. कारण शाडूच्या मूर्तीवरील तो मुकुटहि सोनेरी रंगाचाच असतो, आणि त्याला बेगडी म्हणण्याची आमची छाती नाहीं.

गणपतीचा उल्लेख सहज आला, पण तो विषयाला धरून आहे. पुतण्यानें ज्या रंगाऱ्याला विचारून ठेविलें होतें तो मूळचा पेणचा. पेण म्हणजे गणपतींचें माहेरघर. ज्येष्ठ-आषाढांत तेथें घराघरांतून मूर्तींचे सोनेरी साज रंगत असतात. गणपति गेले कीं हा गृहस्थ घरसामानाचें रंगकाम घेतो. आम्ही नकार देणार हें ठरलेलें असूनहि त्याला एकदां बोलावून त्याची विद्या ऐकून घ्यावी असें आम्हांस वाटलें; आणि तो दोन तास बसला. त्याच्या बोलण्यांतला बराचसा भाग येथें देतों, कारण कोणत्याहि नक्कल करणाऱ्या माणसाइतका बारकाईनें खऱ्या वस्तूकडे पाहणारा दुसरा कोणी नसतो.

त्याचें पहिलें म्हणणें असें कीं धातूचा रंग लाकडाचा रंग झांकतो, लाकडाचा खड्डा झांकत नाहीं. उलट तो चाडी करतो. मळकट तपकिरी रंगाखालीं शंभर खांचा खपून जातील. चकाकणाऱ्या रंगावर उजेड तिरका पडला कीं केसाएवढी चीरहि ओरडून उठते. म्हणून निम्म्याहून अधिक मेहनत रंगाच्या डबीला हात लावण्यापूर्वींची. जुनें मेण आणि तेल सोड्याच्या पाण्यानें काढावयाचें, चपडा स्पिरिटनें उतरवावयाचा, काचकागदानें घासावयाचें, लांबी भरावयाची, ती वाळली कीं पुन्हां घासावयाचें, मग अस्तर, आणि अस्तरावर पुन्हां बारीक कागद. लाकडाच्या शिरा हाताला लागतात तोंवर थांबावयाचें नाहीं. धातूला शिरा नसतात.

दुसरी गोष्ट तळरंगाची. धातूचा थर पातळ असतो आणि खालचा रंग त्यांतून बोलतो. सोनेरीखालीं पिवळी किंवा तांबूस माती, तांब्याखालीं गडद तपकिरी, रुपेरीखालीं काळा. पांढऱ्या अस्तरावर सोनेरी मारला तर तो मिठाईच्या डब्यासारखा दिसतो, हें त्याचेंच वाक्य. पुष्कळ लोक तळरंगाचे पैसे वाचवितात आणि मग सोनें खोटें दिसतें म्हणून सोन्याला बोल लावतात.

परंतु खरी कसोटी पुढची. कळंक कोठें घालावयाचा? नवशिका सगळीकडे हिरवें थापतो. "पाणी कुठं थांबेल तें आधीं बघायचं, मास्तर," असें त्यानें आम्हांला सांगितलें. खरें तांबें हिरवें होतें तें खोबणींत, सांध्यांत, उतरत्या कडेच्या खालीं. म्हणजे जेथें थेंब लोंबून राहतो आणि फडकें पोंचत नाहीं तेथें. मुठीपाशीं तें कधींच हिरवें होत नाहीं, कारण रोज माणसाचा हात तेथें फिरतो. तेथें तें उलट अधिक उजळ दिसलें पाहिजे. देवळांतल्या घंटेकडे पाहा, म्हणाला: लोलक जेथें आपटतो तेवढी कड चकचकीत, टांगलेल्या कडीभोंवतीं काळी, वरच्या बाकावर धुळीची मऊ छटा. हें पाहण्यासाठीं तो देवळांत जाऊन बसत असे. इतर भाविक देवाकडे पाहत असतां हा घंटेकडे पाहत बसे. पण त्याच्या एकाग्रतेला आम्ही तरी भक्तीहून कमी लेखणार नाहीं.

आणखी एक माहिती त्यानें दिली ती आम्हांला अगदीं नवी होती. हल्लीं धातूचे म्हणून जे रंग मिळतात त्यांतल्या पुष्कळांत धातूचा कणहि नसतो. अभ्रकाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर दुसऱ्या ऑक्साइडांचा पातळ लेप दिलेला असतो. त्यावरून उजेड असा परततो कीं डोळ्याला सोनें, रुपें किंवा तांबें दिसावें. पूर्वींचा सोनेरी रंग खऱ्या पितळेच्या पुडीचा असे आणि म्हणूनच तो टिकत नसे. जुन्या तसबिरींच्या चौकटी पाहाव्यात: ज्यांवर खरा सोन्याचा वर्ख आहे त्या अजून पिवळ्या आहेत, ज्यांवर पितळेची पूड आहे त्या शेणासारख्या तपकिरी झाल्या आहेत. अभ्रक काळें पडत नाहीं. त्याला गंजावयास धातूच नाहीं. म्हणून उरणच्या हवेंत खरें तांबें विटतें आणि खोटें टिकतें! या वाक्यावर रंगारी हंसला, आणि आम्हांलाहि हंसूं आवरलें नाहीं.

पितळेच्या त्या पुडीची एक जुनी हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. युरोपांत ही पूड न्यूरेंबर्गकडे मोठ्या खटाटोपानें हातीं तयार होई आणि फार महाग पडे. १८४० च्या सुमारास हेन्री बेसेमर नांवाच्या तरुण इंग्रजानें, बहिणीच्या चित्रवहीवर सोनेरी अक्षरें काढावयाचीं म्हणून, लंडनच्या एका दुकानांत ती घेतली. औंसाला सात शिलिंग ही किंमत ऐकून तो थक्क झाला. कारण ज्या पितळेची ती केलेली, तें पितळ शिलिंगाहूनहि कमी पैशांत सबंध पौंडभर मिळत होतें. त्यानें पूड करण्याचीं यंत्रें योजिलीं. त्यांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून करवून घेतले, हेतु हा कीं सबंध यंत्र कोणाच्याच ध्यानांत येऊं नये. आणि तें गुपित आपल्या मेहुण्यांच्या हवालीं करून कित्येक वर्षें सांभाळलें. या धंद्यानें त्याला श्रीमंत केलें. १८५६ सालीं स्वस्त पोलादाची जी कृति त्यानें जगापुढें मांडली, जिच्यामुळें रूळ आणि पूल झपाट्यानें होऊं लागले, तिच्यामागच्या प्रयोगांना बळ होतें तें या सोनेरी पुडीच्या नफ्याचें. खऱ्या पोलादाची कारकीर्द खोट्या सोन्याच्या पैशावर उभी राहिली, हें बेगडीला शिव्या देणारांनीं जरूर लक्षांत ठेवावें.

आणि पोलाद स्वस्त झाल्यावर काय झालें? तें घरांत आलें. आपल्याकडे गोदरेजनें १९२३ सालीं पोलादी कपाटें करावयास आरंभ केला, आणि पुढें लग्न ठरलें कीं कपाट ठरलें, अशी मध्यमवर्गाची रीतच पडून गेली. तेव्हां लाकडी कपाट मागासलेलें वाटूं लागलें. आमच्याहि वडिलांनीं हें सागवानी कपाट मागल्या पडवींत नेऊन त्याच्या जागीं पोलादी उभें केलें होतें; पांच-सहा पावसाळ्यांत त्याच्या तळाशीं गंजानें जाळी पाडली आणि पारशाचें कपाट पुन्हां माजघरांत आलें. लाकूड विपुल होतें तेव्हां लोकांना धातु हवा होता. धातु मुबलक झाला तेव्हां त्यावर लाकडाच्या रेघा हव्या झाल्या. आतां पुन्हां लाकडावर तांबें. जें सहज मिळत नाहीं त्याचें सोंग माणसाला प्रिय असतें. तांब्याचा बंब आणि घंगाळ घरांतून गेलें, आणि तांब्याचा रंग दिवाणखान्यांत आला. पुतण्याच्या हौसेचें मूळ आम्हांला तेथें दिसतें, आणि तिच्याबद्दल आमचा राग नाहीं.

आमचा नकार होता तो सोंगाला नव्हता. सागवानाला तें द्यावयास होता. ज्या लाकडाला स्वतःचें बोलणें आहे त्याच्या तोंडावर लांबी भरून दुसऱ्याची भाषा वदविणें हें आम्हांला अन्यायाचें वाटतें. त्या दारांवरच्या शिरा एका झाडाच्या सबंध आयुष्याची नोंद आहेत. रंग वरून लावला म्हणजे खालीं सुरक्षित राहील, केव्हांहि उतरवितां येईल, असें पुतण्याचें म्हणणें. पण छिद्रांत शिरलेली लांबी आणि घासून गेलेला थर परत येत नाहीं. रंगाऱ्यानेंहि कपाटाच्या दारावर ओलें बोट फिरविलें, शिरा क्षणभर उजळल्या त्या पाहिल्या, आणि "याला चपडाच मारा," असें सांगून स्वतःच्या हातानें मोठें काम घालविलें. तसेंच केलें. कापसाच्या बोळ्यानें पातळ चपड्याचे हात एकावर एक देत कपाट पंधरा दिवसांत पुन्हां मधासारखें झालें. पुतण्याचीहि निराशा होऊं दिली नाहीं. बंदरावर परदेशांतून मालाबरोबर ज्या पाइनच्या खोक्या येतात त्यांच्या फळ्या आमच्याकडे भंगारवाल्यांजवळ मिळतात. त्या फळ्यांची एक मांडणी करवून तिला त्यानें हवें तसें हिरवें तांबें चढवून घेतलें. दिसते छान. पाइनच्या खोक्याचें त्यांत कांहीं गेलें नाहीं. झालें तर बढतीच झाली.

एवढ्यावर हा विषय संपला असता. पण रंगारी आमच्या पडवींत सामान पसरून बसला होता त्या दिवसांत आमच्याकडे म्हावरें घेऊन येणाऱ्या मावशीनें त्याचें काम पाहिलें.

ही मावशी शेवा कोळीवाड्याची. न्हावाशेव्याचें बंदर व्हावयाचें ठरलें तेव्हां तो कोळीवाडा उठविण्यांत आला आणि लोकांना हनुमान कोळीवाडा म्हणून जी नवी वस्ती दिली तेथें नेण्यांत आलें. २६ मे १९८९ रोजीं बंदर सुरू झालें. नव्या वस्तींत पुढें वाळवी लागली, आणि ती साधी लागली नाहीं. घरांचे वासे, दारें, चौकटी तिनें पोखरल्या, आणि आम्हांला दुसरी जागा द्या म्हणून गांवकरी वर्षानुवर्षें झगडत राहिले. हें सर्व वर्तमानपत्रांतून आलेलें आहे. मावशीच्या घरीं तिच्या आईची पेटी होती. आंब्याच्या लाकडाची, कोपऱ्यांना आणि झांकणाच्या कडेला पितळेच्या पट्ट्या असलेली. पट्ट्या एका अडचणीच्या सालीं मोडींत गेल्या. लाकूड वाळवीनें खाल्लें.

वाळवी खाते तें आंतून. वरचा कागदाएवढा पापुद्रा ती शाबूत ठेवते, म्हणून बाहेरून कांहीं कळत नाहीं. मावशीनें पेटी आमच्या पडवींत आणविली तेव्हां ती पाहण्यांत पेटीच होती. रंगाऱ्यानें बोटाचें पेर आपटलें तर भाजलेल्या पापडासारखा आवाज आला. एका कडेला अंगठा नुसता टेकला आणि तो आंत गेला.

मावशीचें मागणें थोडक्यांत होतें. पेटी पितळेची दिसली पाहिजे. नुसत्या पट्ट्याच नव्हेत, सबंध पेटी.

रंगाऱ्यानें तिला समजावून पाहिलें. खर्च सांगितला, त्या खर्चांत नवी पत्र्याची मोठी ट्रंक आली असती आणि वर पैसे उरले असते. ती ऐकून घेत होती आणि मासळीच्या पाटीवरचें फडकें नीट करीत होती. मग त्यानें, त्याच्या संवयीप्रमाणें, जुनें पितळ करूं कीं कसें, थोडे काळपट डाग, कोपऱ्यांत कळंक, म्हणून विचारलें. त्यावर मात्र तिनें वर पाहिलें. डाग कशाला? नवें कर. बाजारांतून आतां आणल्यासारखें.

तेव्हां आमच्या मनांत दोन्ही मागण्या शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या. पुतण्याचें लाकूड धडधाकट, आणि त्याला हवी होती जीर्णता. हिचें लाकूड भुगा झालेलें, आणि हिला हवें होतें कोरेपण. ज्याच्या घरून कांहीं गेलेलें नाहीं त्याला गेल्या काळाचे डाग शोभेचे वाटतात. जिच्या घराच्या जागेवर आज कंटेनर रचलेले आहेत तिला डागांची हौस कोठून असणार? कपाटाच्या वेळीं आम्हीं जो निवाडा दिला तो या पेटीला लागू पडत नाहीं हें उघड होतें. येथें झांकून टाकावें असें लाकडाचें बोलणेंच उरलें नव्हतें; जें होतें तें वाळवीनें खाऊन टाकलें होतें. मृतालाहि आपण नवें वस्त्र घालतों, त्याला कोणी बेगडी म्हणत नाहीं.

काम बरेच दिवस चाललें. प्रथम पेटी उन्हांत ठेविली, झटकून झटकून भुगा काढला, औषध मारलें. मग पातळ राळ सुईनें पापुद्र्याच्या मागें सोडली. पोखरलेलें लाकूड ती तहानलेल्यासारखी पिऊन घेई आणि दुसऱ्या दिवशीं दगडासारखें होई. मोठीं भगदाडें सागाचा भुसा आणि सरस कालवून बुजविलीं. तो भुसा आमच्या कपाटाच्या नव्या फळीचा होता, पण ही गोष्ट केवळ योगायोगाची म्हणून सांगतों. त्यावर लांबी, अस्तर, पिवळट तळरंग, आणि शेवटीं पितळी. पट्ट्या जेथें होत्या तेथें रंगाऱ्यानें रंगांतच थोडी उठावदार कड आणि खिळ्यांचीं डोकीं काढलीं. गणपतीच्या साजांत बारीक मोती उठवितात तसाच हात. हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें, आणि त्याचे पैसेहि त्यानें लावले नाहींत.

झांकणाची आंतली बाजू राहिली होती. तिच्यावर एकवीरेचें एक जुनें चित्र खळीनें चिकटविलेलें, त्याच्या बाजूला मावशीच्या आईनें कोळशानें ओढलेल्या उभ्या रेघा. पांच पांच रेघांचे गट. होडीच्या खेपा कीं उसनवारी, हें मावशीलाहि ठाऊक नाहीं. तेथें वाळवी पोंचली होती पण वरचा पापुद्रा टिकून होता. रंगाऱ्यानें विचारण्यापूर्वींच तिनें झांकणावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "आंत नको." त्यानें आंतल्या बाजूवर फक्त पातळ वार्निशाचा एक हात दिला, रेघा पुसूं नयेत एवढ्यापुरता.

पेटी टेंपोंतून गेली. पैसे मावशीनें चार हप्त्यांत फेडले. आम्हीं भर घालूं म्हटलें तें तिनें ऐकलें नाहीं, फक्त एका रविवारीं पापलेटें जरा मोठीं दिलीं. आम्ही तिच्या घरीं पेटी पाहावयास गेलों तो मार्गशीर्षाचा महिना होता. दारांतून येणारा उजेड समोरच्या अंगावर पडला होता आणि पितळ चांगलें पिवळेंधमक दिसत होतें. वाळवी पुन्हां चढूं नये म्हणून पेटीचे चारी पाय पत्र्याच्या चार वाट्यांत ठेवून वाट्यांत रॉकेल घातलेलें होतें. वाट्या नव्या होत्या, दिवाळींत आणलेल्या. एव्हांना त्यांच्या कडा गंजूं लागल्या होत्या.